डी६० मध्ये फोकसची मोटर नाही, म्हणून मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढण्याची) लेन्स महागच घ्यावी लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे निकॉनचा डी६० आहे आणि त्यासोबत १८-५५ व ५५-२०० व्हीआर (हाताचा कंप कमी करणारी) अशा दोन झूम लेन्स आहेत. तुम्हाला फुले, कीटक आणि संग्रहातली नाणी यांचे जवळून फोटो काढायचे आहेत आणि खर्च मर्यादेत ठेवायचा आहे. चौकशी करताना तुम्हाला तीन गोष्टी सांगण्यात आल्या: डी६० मध्ये फोकसची मोटर नसल्याने स्वस्तातल्या जुन्या लेन्स त्याच्या उपयोगाच्या नाहीत, १:१ (म्हणजे सेन्सरवर वस्तूइतकीच मोठी प्रतिमा) च्या खाली असलेली लेन्स खरी मॅक्रोच नव्हे, आणि इतक्या जुन्या कॅमेऱ्यासाठी लेन्स घेण्यापेक्षा कॅमेराच बदललेला बरा. यांपैकी कशावर विश्वास ठेवावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे कीटकांचे आणि वनस्पतींचे फोटो काढतो आहे आणि त्यातली पहिली अनेक वर्षे अशाच दहा मेगापिक्सेलच्या, मोटर नसलेल्या कॅमेऱ्यावर गेली. त्या अनुभवावरून सांगतो की तिसरा सल्ला तुमच्या बाबतीत चुकीचा आहे, दुसरा अर्धवट आहे, आणि पहिल्याचा तर उलटा अर्थ तुमच्या फायद्याचा आहे. मात्र कोणती लेन्स घ्यावी याचे एकच उत्तर देता येणार नाही, कारण नाणे आणि चतुर या दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. म्हणून आधी खरा प्रश्न नीट मांडू या. विषय किती मोठा आहे, तो तुम्हाला किती जवळ येऊ देतो, आणि इतक्या जवळ गेल्यावर त्याच्यावर उजेड कसा पाडणार, या तीन गोष्टी ठरल्या की लेन्सची निवड बरीचशी आपोआप होते.

पहिल्यांदा आकाराचे पाहू. १:१ म्हणजे वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असणे, आणि १:२ म्हणजे तिच्या निम्मी असणे. या प्रमाणालाच मी मोठेपणा म्हणतो: १:१ म्हणजे १, १:२ म्हणजे ०.५. डी६० चा सेन्सर २३.६ × १५.८ मिलिमीटरचा आहे. म्हणजे १:१ वर तुमच्या चौकटीत जेमतेम एवढाच तुकडा मावतो. आता २५ मिलिमीटर व्यासाचे नाणे घ्या. ते १:१ वर चौकटीत मावतच नाही. सेन्सरची उंची १५.८ मिलिमीटर असल्याने पूर्ण नाणे बसवायला ०.६ च्या आसपास मोठेपणा पुरतो आणि कडेला थोडी मोकळी जागा हवी असेल तर १:२ अगदी योग्य ठरतो, कारण तेव्हा चौकटीत सुमारे ४७ × ३२ मिलिमीटरचा भाग येतो. बहुतेक फुलांना तर १:४ सुद्धा पुष्कळ होते. १:१ ची खरी गरज पडते ती मुंगीला, लहान कोळ्याला, फुलातल्या परागकोशांना किंवा नाण्यावरच्या एखाद्या अक्षराला. तेव्हा १:२ ची लेन्स कमअस्सल आहे असे समजून तिच्याकडे पाठ फिरवू नका. पूर्वी कित्येक उत्तम मॅक्रो लेन्स १:२ पर्यंतच जात असत आणि त्यापुढे जायला सोबत लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची एक पोकळ नळी मिळत असे. उलट झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असे छापलेले असते, ते मात्र मोठेपणाचा आकडा पाहिल्याशिवाय खरे मानू नका. तुमची १८-५५ लेन्स तो शब्द न छापताही ५५ च्या टोकाला जवळजवळ १:३ पर्यंत जाते, आणि ‘मॅक्रो’ छापलेल्या काही झूम लेन्स तेवढ्याही जात नाहीत.

आता मोटरचा मुद्दा. निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये स्वतःची मोटर नसे. कॅमेऱ्यातली मोटर एका छोट्या स्क्रूच्या साहाय्याने लेन्सची चक्रे फिरवत असे. डी४०, डी४०एक्स, डी६० आणि त्यानंतरच्या डी३००० व डी५००० या मालिकांमध्ये ही मोटर काढून टाकली गेली. म्हणून या कॅमेऱ्यांवर ‘एएफ-डी’ प्रकारच्या लेन्स आपणहून फोकस करत नाहीत. पण एवढेच बंद होते. प्रकाशमापन चालते, अपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; त्याचा एफ/ आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) कॅमेऱ्यावरून बदलता येते, फ्लॅशचे स्वयंचलित मापन चालते आणि हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका फोकस जमल्याचेही सांगतो.

मॅक्रोमध्ये ऑटोफोकसचा उपयोग किती, हे एकदा करून पाहिल्याशिवाय पटत नाही. १:१ वर तुमचा श्वास, तुमच्या शरीराचा झोका आणि फुलाच्या देठाचा झोका हे सगळे मिळून फोकसच्या जाडीपेक्षा (जेवढी खोली स्पष्ट दिसते तिच्यापेक्षा) कितीतरी जास्त हालचाल होते. लेन्सची मोटर त्या हालचालीचा पाठलाग करत पुढे-मागे हुंदडत राहते आणि कीटक उडून जातो. म्हणून आम्ही करतो ते असे: लेन्सवरचे कडे फिरवून आधी हवा तो मोठेपणा बसवून घ्यायचा, मग त्या कड्याला हात लावायचा नाही, आणि कोपरे अंगाशी घट्ट धरून संपूर्ण शरीर अगदी थोडे पुढे नेत जायचे. कीटकाच्या डोळ्यातला चमकता ठिपका कडक (अगदी स्पष्ट) दिसला की शटर दाबायचे, तसेच पुढे जात राहायचे आणि पाच-सहा फोटो घ्यायचे. त्यांतला एक नेमका असतो. असेच काम करायचे असेल तर मोटर असलेल्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे का द्यायचे? मोटर नसलेल्या लेन्स वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात त्यांच्या मोटरवाल्या भावंडांपेक्षा स्वस्त असतात, त्याचे मोठे कारण हेच की तुमच्यासारख्या कॅमेऱ्यांचे मालक त्यांच्या वाटेला जात नाहीत. तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हीच लेन्स तुम्हाला माणसांच्या फोटोंसाठीही वापरायची असेल तर मात्र ऑटोफोकस नसण्याची अडचण जाणवेल. ते तुमचे तुम्ही ठरवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या कॅमेऱ्याच्या बाजूने आहे. निकॉनने १९७७ साली एआय ही लेन्सच्या अपर्चरचे कडे कॅमेऱ्याशी जोडण्याची पद्धत आणली. त्याआधीच्या, फेरफार न केलेल्या लेन्स डी८० किंवा डी२०० यांच्यासारख्या कॅमेऱ्यांवर बसवल्या तर माउंटजवळचा (लेन्स बसते त्या कड्याजवळचा) भाग मोडू शकतो. डी६० वर तो भागच नसल्यामुळे बहुतेक जुन्या लेन्स सुखरूप बसतात. मात्र पूर्णपणे मॅन्युअल लेन्स लावली की डी६० चे प्रकाशमापन बंद होते. कॅमेरा ‘एम’ (मॅन्युअल) वर ठेवायचा, एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहायचा आणि शटर किंवा अपर्चर बदलायचे. फ्लॅशची ताकदही अशा वेळी हातानेच ठरवावी लागते. टेबलावर ठेवलेल्या नाण्यासाठी यात काहीच अवघड नाही. ऊन-सावलीत फिरणाऱ्या फुलपाखरामागे धावताना मात्र ते जाचक होते.

अंतराचा मुद्दा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. लेन्सच्या माहितीत दिलेले किमान फोकस अंतर लेन्सच्या टोकापासून मोजलेले नसते, तर सेन्सरपासून मोजलेले असते. तुमच्या कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण कोरलेली दिसेल. ती सेन्सरची जागा दाखवते. त्या अंतरातून कॅमेऱ्याची आणि पुढे सरकलेल्या लेन्सची लांबी वजा केली की हातात खरे अंतर किती उरते ते कळते. निकॉनच्या ४० मिलिमीटर एफ/२.८ डीएक्स लेन्सचे किमान अंतर १६.३ सेंटीमीटर आहे, पण १:१ वर लेन्सच्या टोकापुढे जेमतेम साडेतीन सेंटीमीटर उरतात. ६० मिलिमीटरच्या एएफ-डी लेन्सचे किमान अंतर २१.९ सेंटीमीटर आहे आणि पुढे सात-आठ सेंटीमीटर उरतात. टॅमरॉनची ९० मिलिमीटरची लेन्स २९ सेंटीमीटरवर १:१ देते आणि तिच्यापुढे दहा सेंटीमीटरच्या आसपास जागा राहते. निकॉनच्या १०५ मिलिमीटर व्हीआर लेन्समध्ये ती आणखी वाढते.

साडेतीन सेंटीमीटरवर कीटक थांबत नाही, आणि थांबलाच तरी लेन्सची सावली त्याच्यावर पडते. म्हणून ४० मिलिमीटरची ती लेन्स मोटर असलेली, हलकी, उत्तम स्पष्टता देणारी आणि नव्यातही तुलनेने स्वस्त असूनही मी कीटकांसाठी ती सुचवत नाही. नाणी, तिकिटे आणि फुले एवढाच विषय असता तर तीच घ्या असे मी म्हटले असते.

काहीही विकत घेण्यापूर्वी तुमच्याकडच्या ५५-२०० लेन्सचा विचार करा. तिच्या पुढे ५२ मिलिमीटरचे आटे आहेत आणि तिच्यावर चांगल्या दर्जाचा क्लोजअप फिल्टर (लेन्सपुढे लावायचे भिंग) बसतो. इथे ‘चांगल्या दर्जाचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच काचेचे, तीन-चारच्या संचात मिळणारे स्वस्त फिल्टर कडांना जांभळ्या-हिरव्या झालरी आणतात. दोन किंवा अधिक काचा जोडून बनवलेला, रंगदोष काढलेला फिल्टर घ्या. रेनॉक्सचा डीसीआर-१५० हा ४.८ डायऑप्टरचा (डायऑप्टर म्हणजे भिंगाची ताकद) आणि डीसीआर-२५० हा ८ डायऑप्टरचा असून दोन्ही एका चिमट्यासारख्या कड्याने ५२ ते ६७ मिलिमीटरच्या लेन्सवर अडकतात.

यामागचे गणित सोपे आहे. मूळ लेन्स अनंतावर (खूप दूरवर) फोकस केलेली असताना एक हजार भागिले डायऑप्टर म्हणजे विषयाचे अंतर मिलिमीटरमध्ये मिळते. ४.८ डायऑप्टरला ते सुमारे २१ सेंटीमीटर येते आणि ८ डायऑप्टरला साडेबारा सेंटीमीटर. मोठेपणा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (तिच्या नावातला मिलिमीटरचा आकडा) भागिले तेच अंतर. म्हणजे तुमची ५५-२०० लेन्स २०० वर ठेवून तिच्यावर डीसीआर-१५० लावला की जवळजवळ १:१ मिळतो, आणि तोही २० सेंटीमीटर अंतरावरून. एवढे अंतर १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्सही देत नाही. प्रकाशमापन, ऑटोफोकस आणि व्हीआर सगळे चालू राहते, फक्त इतक्या जवळ व्हीआरचा परिणाम बराच कमी होतो हे ध्यानात ठेवा.

याच्या मर्यादाही सांगतो. फोकस साधारण २० सेंटीमीटरच्या आसपासच्या एका अरुंद पट्ट्यातच होतो, त्यामुळे फुलावरून मान वर करून शेजारच्या झाडाचा फोटो घ्यायचा तर फिल्टर काढावा लागतो. झूम कमी केल्यास कोपरे काळे पडतात. कडांना स्पष्टता मॅक्रो लेन्सइतकी नसते. कीटकाच्या फोटोत कडा बहुधा धूसरच असतात, म्हणून हे खटकत नाही, पण नाणे ही सपाट वस्तू असल्याने तिथे लगेच दिसून येते. तरीही मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च इतका किरकोळ आहे की मी प्रत्येकाला सुरुवात इथूनच करायला सांगतो.

एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) आणि लेन्स उलटी बसवण्याचे कडे यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. तुमच्या दोन्ही लेन्स ‘जी’ प्रकारच्या आहेत, म्हणजे त्यांच्यावर अपर्चरचे कडे नाही. संपर्कबिंदू आणि आतला दांडा नसलेली स्वस्त नळी मध्ये घातली की लेन्सची पाती पूर्ण मिटलेली राहतात आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. लेन्स उलटी बसवल्यावरही तेच होते. संपर्क असलेल्या ट्यूब चालतात, पण १८-५५ लेन्सवर त्यांचा फारसा फायदा नाही, कारण रुंद बाजूला फोकस थेट काचेला टेकतो. त्यांचा खरा उपयोग ५० किंवा ५५ मिलिमीटरच्या स्थिर फोकल लेंग्थच्या लेन्ससोबत होतो.

आता प्रत्यक्ष लेन्सकडे येऊ. तुमच्या तिन्ही विषयांचा विचार केला तर माझ्या मते तीन पर्याय उरतात.

कीटक मुख्य असतील तर टॅमरॉनची ९० मिलिमीटर एफ/२.८ एसपी डीआय लेन्स पाहा. तिच्या निकॉनसाठीच्या सुरुवातीच्या आवृत्तीत मोटर नव्हती, नंतरच्या आवृत्तीत ती घातली गेली, आणि जाहिरातीतल्या फोटोवरून दोन्ही पटकन ओळखू येत नाहीत. म्हणून विक्रेत्याला मोटरबद्दल स्पष्ट विचारा आणि मोटर नसलेली मागा. तिच्या फोकसच्या कड्याला मागे ओढले की ती हाताने फोकस करण्याच्या स्थितीत जाते आणि त्या स्थितीत कडे पुरेसे जड, सावकाश फिरणारे असते. मॅक्रोला हा गुण फार उपयोगी पडतो. टोकिनाची १०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्सही याच जातीची, तिलाही निकॉन माउंटमध्ये मोटर नाही आणि बांधणीने ती अधिक दणकट आहे. या दोन्हींत दर्जाचा फरक इतका थोडा आहे की जी चांगल्या स्थितीत आणि रास्त भावात मिळेल ती घ्यावी.

नाणी आणि फुले मुख्य असून कीटक अधूनमधून असतील तर निकॉनची ६० मिलिमीटर एफ/२.८ एएफ-डी मायक्रो. निकॉन मॅक्रोला ‘मायक्रो’ म्हणते, त्यामुळे शोधताना तोच शब्द वापरा. सपाट वस्तू एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सारखी स्पष्ट येणे ही या लेन्सची खासियत आहे. डी६० वर ती बसवताना तिचे अपर्चरचे कडे ३२ वर नेऊन कुलूप लावावे लागते. तसे न केल्यास कॅमेरा ‘एफईई’ असे दाखवतो आणि शटर पडत नाही. लेन्स बिघडली असे समजून ती परत करणारे लोक मी पाहिले आहेत.

तिसरा आणि सर्वांत कमी खर्चाचा पर्याय म्हणजे ५५ मिलिमीटरची मॅन्युअल मायक्रो-निक्कॉर, एफ/३.५ किंवा एफ/२.८. ती स्वतः १:२ पर्यंत जाते, तेव्हा तिच्यापुढे दहा-अकरा सेंटीमीटर जागा उरते, आणि पीके-१३ ही २७.५ मिलिमीटरची नळी लावली की १:१ मिळतो. हा २७.५ आकडा कुठून आला? तो ५५ चा निम्मा आहे. लेन्सचे स्वतःचे कडे तिला २७.५ मिलिमीटर पुढे नेऊन १:२ देते, आणि नळीने तेवढेच आणखी पुढे नेले की ५५ मिलिमीटर पूर्ण होऊन १:१ होतो. प्रकाशमापन नसल्याचे मी वर सांगितलेच आहे. शांतपणे, टेबलावर, ट्रायपॉड लावून काम करणाऱ्या माणसाला या लेन्सइतका मोबदला दुसरी कोणतीही देत नाही.

मोटर आणि व्हीआर दोन्ही हवेच असतील तर निकॉनची ८५ मिलिमीटर एफ/३.५ डीएक्स मायक्रो तुमच्या कॅमेऱ्यावर पूर्ण चालते. ती चांगली लेन्स आहे, पण ‘परवडणारी’ या तुमच्या अटीत ती बसेल की नाही हे वापरलेली कितीला मिळते त्यावर अवलंबून आहे.

लेन्स हातात आल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट गोंधळात पाडेल. ६० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स १:१ वर नेली की कॅमेरा २.८ ऐवजी ५ दाखवू लागतो. यात बिघाड काही नाही. लेन्स सेन्सरपासून जितकी दूर सरकते तितका प्रकाश विरळ होतो, आणि निकॉन तो प्रत्यक्ष आकडा दाखवते. हे गणित मनात ठेवा: कड्यावरचा आकडा गुणिले एक अधिक मोठेपणा. १:१ वर तो दुप्पट होतो, म्हणजे कड्यावर ८ असेल तर प्रत्यक्षात १६, आणि ११ असेल तर २२. साध्या लेन्ससाठीचे हे गणित आहे. आतली भिंगे हलवून फोकस करणाऱ्या लेन्समध्ये आकडा थोडा वेगळा येतो.

प्रत्यक्ष एफ/१६ ला १:१ वर फोकसची जाडी अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. मुंगीचा डोळा आणि जबडा एकाच वेळी कडक मिळणेसुद्धा तेव्हा कठीण जाते. म्हणून नवखा माणूस अपर्चर आणखी मिटत जातो, पण त्याला विवर्तन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) आडवे येते: प्रत्यक्ष एफ/३२ ला प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सुमारे ४३ मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि डी६० चा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा आहे. फोटो एकसारखा मऊ होतो आणि कोणत्याही लेन्सने तो सुधारत नाही. कॅमेऱ्यावर दिसणारा आकडा १:१ जवळ १६ ते २२ च्या दरम्यान ठेवा, त्यापुढे जाऊ नका. नाण्यासारख्या सपाट वस्तूला तर ११ सुद्धा पुरते, मात्र कॅमेरा आणि नाणे अगदी समांतर हवेत. त्यासाठी नाण्याच्या जागी एक लहान आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत ट्रायपॉड हलवा.

एफ/१६ आणि त्याहून मिटलेले अपर्चर म्हटले की उजेड कमी पडणार. डी६० आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० च्या पुढे दाणेदार होऊ लागतो, हे मान्य करूनच काम करायचे. याचा उपाय फ्लॅश हाच आहे, आणि म्हणून माझा आग्रह आहे की ठरवलेली सगळी रक्कम लेन्सवर घालवू नका. एक साधा वापरलेला बाहेरचा फ्लॅश, त्याला कॅमेऱ्यापासून बाजूला आणणारी टीटीएल केबल (फ्लॅशचे स्वयंचलित मापन चालू ठेवणारी) आणि लेन्सच्या टोकाजवळ धरलेला पांढऱ्या पातळ फोमचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा, एवढ्याने फोटोत जो फरक पडतो तो कोणत्याही दोन मॅक्रो लेन्समधल्या फरकापेक्षा मोठा असतो. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश वापरून पाहिलात तर पुढे सरकलेल्या लेन्सची सावली चौकटीच्या खालच्या भागात अर्धवर्तुळासारखी पडलेली दिसेल. मी आयएसओ २००, शटर १/२०० आणि अपर्चर १६ असे ठेवून फ्लॅशला काम करू देतो. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की हाताचा कंप आणि देठाचा झोका दोन्ही गोठतात, त्यामुळे ट्रायपॉडही लागत नाही. पडदा विषयाच्या जितका जवळ तितका उजेड मऊ, आणि बीटलच्या चकचकीत पाठीवर ते लगेच दिसते: पडदा नसेल तर एक जळका पांढरा ठिपका, पडदा असेल तर पाठीचा खरा रंग.

वापरलेली लेन्स घेताना काय तपासावे, हे मी एका नुकसानीतून शिकलो. माझी पहिली ५५ मिलिमीटर लेन्स काचेने निर्दोष होती, म्हणून मी आनंदाने घेतली. घरी आल्यावर एफ/१६ ला काढलेले काही फोटो नीट येत आणि काही पांढरेफट्ट. कारण शोधायला मला आठवडा लागला. आतले वंगण अपर्चरच्या पात्यांवर उतरले होते, त्यामुळे पाती कधी वेळेत मिटत, कधी चिकटून उघडीच राहत. एफ/२.८ च्या त्या लेन्समध्ये हा दोष नेहमी आढळतो. तेव्हापासून मी लेन्सच्या मागचा अपर्चरचा छोटा दांडा बोटाने दाबून सोडतो. कडे सर्वांत लहान अपर्चरवर असताना दांडा सोडताच पाती खटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटली किंवा त्यांच्यावर ओलसर चमक दिसली तर लेन्स घेऊ नका, किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च लावून लेन्समधून तिरपे पाहा. धुळीचे चार कण निरुपद्रवी असतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी आहे आणि ती काचेवरचा लेप कायमचा खाते. सगळीकडे दुधासारखा पातळ पडदा दिसला तर उजेडाविरुद्धचे फोटो फिके येणार. फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, ते सर्वत्र सारखेच जड असावे. पूर्ण पुढे आलेली लेन्सची नळी बोटांनी हलकेच हलवली तर ती डुगडुगता कामा नये. ६० मिलिमीटर एएफ-डी घेत असाल तर ऑटो आणि मॅन्युअल बदलायचे प्लास्टिकचे कडे तडकलेले नाही ना, तेही पाहा.

कॅमेरा बदलण्याबद्दल इतकेच सांगतो. डी६० चा फोटो ३८७२ × २५९२ पिक्सेलचा असतो. तो ३०० डीपीआयने छापला तर सुमारे ३३ × २२ सेंटीमीटरचा होतो. एवढ्या आकारात मॅक्रोचा नेमका फोकस आणि चांगला उजेड दिसतो, मेगापिक्सेल नव्हे. डी६० मध्ये खरी उणीव आहे ती लाइव्ह व्ह्यूची (फोटो काढण्याआधीच मागच्या पडद्यावर दृश्य दिसण्याची), कारण त्या पडद्यावर मोठे करून फोकस पाहता आला असता तर नाण्यांचे काम सोपे झाले असते. ती उणीव जाणवू लागली की पुढे वापरलेला डी७००० घ्या. त्यात मोटर आहे, लाइव्ह व्ह्यू आहे आणि मॅन्युअल एआय लेन्सचे प्रकाशमापनही आहे, म्हणजे आज घेतलेली लेन्स तिथे अधिकच उपयोगी होईल. निकॉनच्या झेड माउंटकडे, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे, जाण्याचा विचार असेल तर मात्र लक्षात घ्या की जुन्या लेन्स त्यांच्यावर बसवणाऱ्या कंपनीच्या एफटीझेड अडॅप्टरवर स्क्रूने फिरणाऱ्या लेन्सना ऑटोफोकस मिळत नाही. तिथेही फोकस हातानेच करावा लागेल.

तेव्हा आधी डीसीआर-१५० घ्या, तो ५५-२०० वर लावा आणि महिनाभर जे दिसेल ते टिपा. त्यानंतर आवडलेले फोटो वेगळे काढून प्रत्येकाशेजारी लिहा: विषय काय होता, पूर्ण चौकट भरली होती की फोटो कापावा लागला, आणि कडांच्या मऊपणाने त्रास झाला का. कापावे लागलेले फोटो बहुतांश कीटकांचे निघाले तर ९० किंवा १०० मिलिमीटरची लेन्स शोधायला लागा. कडांचा त्रास नाण्यांत झालेला असेल आणि कीटक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर ६० मिलिमीटर घ्या, किंवा पैसे वाचवायचे असतील तर ५५. आणि दोन्हींपैकी काहीच खटकले नाही, तर लेन्ससाठी बाजूला काढलेल्या पैशांतून फ्लॅश आणि केबल घ्या.